छोट्या व्यवसायासाठी पर्यावरणपूरक पिशवी: वजनकाट्यापासून मागणीपत्रापर्यंत

कापडी ती चांगली आणि प्लास्टिकची ती वाईट, एवढ्यावर भागले असते तर पिशवी निवडायला पाच मिनिटे पुरली असती. प्रत्यक्षात जाड कापडाची, सुरेख छपाई केलेली आणि गिऱ्हाइकाच्या घरी कपाटात पडून राहिलेली पिशवी ही सगळ्यात महाग चूक ठरते. तुमच्या खिशालाही आणि मातीपाण्यालाही. पिशवीचा बरेवाईटपणा दोन प्रश्नांवर ठरतो: ती किती वेळा उचलली जाणार, आणि फाटल्यावर कुठे जाणार? कापड, कागद, ताग हा विचार त्यानंतरचा.

आधी दोन आठवडे नुसती नोंद

पुरवठादाराला फोन करण्याआधी गल्ल्याजवळ एक वही आणि एक टांगता काटा ठेवा. दोन आठवडे प्रत्येक विक्रीपुढे पाच गोष्टी लिहा: मालाचे वजन, सगळ्यात मोठ्या वस्तूची लांबी-रुंदी-उंची, माल कोरडा आहे की ओला की तेलकट, गिऱ्हाईक स्वतःची पिशवी घेऊन आले होते का, आणि खरे तर पिशवीची गरज होती का. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. खोक्यातली एखादी वस्तू तशीच हातात नेता येत असूनही आपण सवयीने पिशवीत घालून देतो.

समजा २०० विक्रींची नोंद झाली. वजने लहानाकडून मोठ्याकडे मांडा आणि १८० वा आकडा पाहा. तुमची पिशवी त्या वजनासाठी हवी. उरलेल्या २० जड विक्रींसाठी सगळ्याच पिशव्या जाड करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी रोज मोठे पातेले चढवण्यासारखे आहे. त्यांना दोन पिशव्या द्या, नाहीतर जुने खोके बांधून द्या.

पिशवीची गरज नसलेल्या विक्री किती निघाल्या, तो आकडा वेगळा काढा. सगळ्यात पर्यावरणपूरक पिशवी त्याच रकान्यात आहे, कारण ती बनवावीच लागत नाही. आपणहून पिशवी पुढे करण्याऐवजी 'पिशवी हवी का?' असे विचारायला सुरुवात केली की मागणी उतरते, आणि पिशवीला वेगळी किंमत लावली की आणखी उतरते. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट कर लावला, तेव्हा तिथला वापर सुमारे ९० टक्क्यांनी घटला. रक्कम फार मोठी नव्हती, पण फुकटची सवय तेवढ्यानेही मोडली.

गणित, जे न करता बहुतेक पिशव्या निवडल्या जातात

ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये सुपरमार्केटच्या पिशव्यांचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. हवामानावरचा परिणाम हा निकष धरून, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा, जाड प्लास्टिकची ४ वेळा, नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलिनची (न विणलेल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची) ११ वेळा आणि सुती १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात निघाले. पातळ पिशव्यांपैकी सुमारे ४० टक्के नंतर कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरल्या गेल्या असे धरले, तर सुती पिशवीचा आकडा १७३ वर जातो.

डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालात हवामानाच्या निकषावर साध्या सुती पिशवीसाठी ५२ आणि सेंद्रिय सुती पिशवीसाठी १४९ वेळा असे आकडे आहेत. ओझोन थरासह सगळे निकष एकत्र घेतले तर ते ७,१०० आणि २०,००० होतात. 'सेंद्रिय कापूस वाईट' असा अर्थ यातून काढू नका. त्या अभ्यासात घेतलेली सेंद्रिय पिशवी आकाराने लहान होती, म्हणून तेवढाच माल न्यायला एकीच्या जागी दोन धरल्या होत्या. निव्वळ आकार चुकला की हिशेब कसा दुपटीने बिघडतो, त्याचा हा नमुनाच.

या दोन्ही अभ्यासांत गटारात अडकलेल्या किंवा समुद्रात गेलेल्या पिशवीचा हिशेब नाही, हेही ध्यानात ठेवा. पातळ प्लास्टिक बनवायला स्वस्त आणि हलके असते, पण उडून जाते, गोळा होत नाही आणि वर्षानुवर्षे उरते. म्हणून या आकड्यांवरून पुन्हा पातळ प्लास्टिककडे वळू नये. एकदाच वापरून टाकल्या जाणाऱ्या जागी सुती पिशवी देऊ नये, एवढे मात्र त्यावरून नक्की ठरते.

हे तुमच्या गिऱ्हाइकाला लावून बघा. आठवड्यातून दोनदा येणारा माणूस दर वेळी तीच सुती पिशवी आणत असेल तर १३१ चा आकडा सव्वा वर्षात गाठला जातो, आणि नीट शिवलेली पिशवी तेवढी सहज टिकते. वर्षातून एकदा भेटवस्तू घ्यायला येणाऱ्याच्या घरी ती सहावी-सातवी कापडी पिशवी असते. तिचा हिशेब कधीच फिटत नाही. त्याला कागदी पिशवी द्या.

कशाची पिशवी

*कागद.* कोरडा, हलका माल आणि क्वचित येणारे गिऱ्हाईक, अशा ठिकाणी बहुतेक वेळा हेच उत्तर. तपकिरी क्राफ्ट कागद घ्या. पांढऱ्या कागदाला विरंजनाची, म्हणजे रंग घालवण्याची जास्तीची प्रक्रिया लागते आणि तो मळतोही लवकर. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममधल्या वजनात सांगतात. किलोभराच्या आतल्या मालाला बिनबंदाची ७० ते ८० जीएसएमची पिशवी पुरते. पिळलेल्या कागदी बंदाची आणि तीन-चार किलो उचलणारी हवी असेल तर १०० च्या आसपास, पुस्तके-बाटल्यांसाठी १२० किंवा त्याहून जाड.

पुनर्वापरित कागदातले तंतू आखूड असतात, त्यामुळे त्याच जीएसएमला तो नव्या कागदापेक्षा कमी ताण सोसतो. तो घ्यायचा तर एक पायरी जाड घ्या आणि चाचणी करूनच ठरवा. बाहेरून चकचकीत प्लास्टिकचा थर, सोनेरी वर्ख, धातूच्या कड्या आणि नायलॉनची दोरी यांतले काहीही असले की पिशवी रद्दीत नीट जात नाही. अशी पिशवी कागदी दिसते एवढेच. कागदी पिशवी फाटते ती बहुधा मधून नाही. बूड चिकटवलेल्या जागी किंवा बंदाखालच्या पट्टीशी ती सुटते. तेव्हा पट्टी पिशवीच्या रुंदीच्या निम्म्याहून लहान असेल तर शंका घ्या, आणि बुडाच्या घडीत सगळीकडे गोंद लागला आहे का ते एक पिशवी उकलून बघा.

तेलकट मालासाठीच्या तेलरोधक कागदांत बऱ्याचदा पीएफएएस ही फ्लोरीनयुक्त रसायने असतात. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. कागदावर खाद्यतेलाचा एक थेंब टाका. तो पसरण्याऐवजी मोत्यासारखा गोल बसून राहिला तर पुरवठादाराकडे 'पीएफएएस नाही' असे लेखी मागा. ग्लासीन हा घट्ट दाबलेला कागद त्याला चांगला पर्याय आहे.

*सुती कापड.* नेहमीचे गिऱ्हाईक, जड किंवा ओलसर माल, धुऊन पुन्हा वापरायची तयारी, असे असेल तर सुती. कापूस ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडा बळकट होतो. कागदाचे नेमके उलटे. रोजच्या सामानाला १३० ते १५० जीएसएमचे कोरे मांजरपाट पुरे. पाच-सहा किलोच्या वर नियमित जाणार असेल तरच २०० ते २८० जीएसएमच्या कॅनव्हासकडे जा. पुरवठादार औंसात बोलत असेल तर त्या आकड्याला ३४ ने गुणा. ५ औंस म्हणजे सुमारे १७० जीएसएम.

कोऱ्या कापडात खळ असते, आणि खळीमुळे हलके कापडही हाताला जाड लागते. हे पकडायला दहा मिनिटांचे काम पुरते. नमुन्यातून १० × १० सेंटीमीटरचा चौकोन कापा आणि दागिन्यांसाठी वापरतात तशा बारीक काट्यावर तोला. ग्रॅमचा आकडा गुणिले १०० म्हणजे जीएसएम. १.४ ग्रॅम भरला तर १४०. मग तोच तुकडा गरम पाण्यात साबणाने धुऊन खडखडीत वाळवून पुन्हा तोला. वजनात जी घट आली ती खळ. १४० सांगितलेले कापड धुतल्यावर १२० वर आले तर भाव १२० चा द्या.

*ताग.* कणखर, स्वतःच्या बळावर उभी राहणारी पिशवी; पुस्तके, कुंड्या, बाटल्या यांना उत्तम. यात तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे बऱ्याच तागाच्या पिशव्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. नख लावून कोपरा सोलून बघा, आणि तसा नको असेल तर मागणीत 'बिनथराचा' असे स्पष्ट लिहा. दुसरे, ताग कातताना तंतू मऊ करायला खनिज तेल वापरतात. रॉकेलसारखा वास येतो तो त्याचाच. खाद्यपदार्थ थेट पिशवीत जाणार असतील तर वनस्पती तेलावर कातलेला ताग मागा. आणि दमट जागी ताग पटकन बुरशी धरतो, उन्हात पिवळा पडतो, गडद कपड्यांवर तुसे सोडतो. कपड्यांच्या दुकानाला म्हणूनच तो फारसा सोयीचा नाही.

*नॉनवोव्हन.* दिसायला कापड, पण आहे प्लास्टिकच: पॉलिप्रॉपिलिनचे तंतू उष्णतेने दाबून चिकटवलेले. ओळखायला सोपे आहे. कोपऱ्यातला लहानसा तुकडा चिमट्यात धरा आणि घराबाहेर, पाणी घातलेल्या धातूच्या ताटलीवर त्याला ज्योत लावा. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. नॉनवोव्हन आक्रसते, वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. ८० ते १०० जीएसएमची शिवलेली नॉनवोव्हन पिशवी शंभर वेळा वापरली गेली तर हिशेबाने ती वाईट नाही. वाईट आहे तिला 'कापडी' म्हणून विकणे, आणि ४० जीएसएमच्या, नुसत्या उष्णतेने चिकटवलेल्या, दुसऱ्याच खेपेला सुटणाऱ्या पिशव्या वाटणे. उन्हात राहिली की ती ठिसूळ होऊन तिचा भुगा पडतो आणि तो भुगा गोळा करता येत नाही.

*कंपोस्ट होणारे 'प्लास्टिक'.* सगळ्यात जास्त फसगत इथे होते. 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द एकटा असेल तर त्याला काहीच अर्थ नाही. किती दिवसांत, कोणत्या तापमानाला आणि कशात, हे सांगणारे मानक सोबत हवे. युरोपातल्या ईएन १३४३२ या मानकानुसार कंपोस्टिंगच्या परिस्थितीत १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत, आणि ६ महिन्यांत ९० टक्के भागाचे जैविक विघटन व्हावे लागते. ही परिस्थिती म्हणजे सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान राखणारा औद्योगिक प्रकल्प. घरामागचा खड्डा तेवढा तापत नाही. घरगुती खतासाठी 'ओके कंपोस्ट होम' असे वेगळे प्रमाणपत्र असते.

प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही सामान उचलण्याइतकी शाबूत निघाली. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही तिचे अवशेष होते. ऑक्सो-डिग्रेडेबल तर घेऊच नका: त्यातली रसायने पिशवीचे फक्त बारीक तुकडे करतात, म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात अशा वस्तूंवर बंदी घातली.

तुमच्या भागात ओला कचरा वेगळा गोळा होऊन कंपोस्ट प्रकल्पात जात असेल आणि पिशवीही त्या कचऱ्यासोबतच जाणार असेल, तरच हा पर्याय घ्या. एरवी ती प्लास्टिकच्या भंगारात मिसळून तेही खराब करते. शिवाय ती ठेवणीत टिकत नाही. ऊब आणि दमट हवा लागली की वर्षभरात ठिसूळ होते, म्हणून चार-सहा महिन्यांपुरतीच मागवा आणि खोक्यावर आल्याची तारीख घाला.

माप: एक सूत्र आणि त्यामागचे कारण

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली मोठी वस्तू घ्या. बाजूला घडी नसलेल्या, सपाट पिशवीसाठी:

पिशवीची रुंदी = वस्तूची रुंदी + जाडी + ३ सेंटीमीटर
पिशवीची उंची = वस्तूची उंची + निम्मी जाडी + ५ ते ७ सेंटीमीटर

वस्तू आत गेली की पिशवीचा घेर तिच्या चारही बाजूंना वेढतो आणि तळाचा भाग जाडीने खाल्ला जातो, म्हणून हे. २५ × १० × ३० सेंटीमीटरच्या खोक्याला रुंदी ३८ आणि उंची ४० ते ४२ सेंटीमीटर येते. नेमकी खोक्याच्या रुंदीएवढी पिशवी मागवणे ही पहिल्या मागणीतली हमखास चूक.

मापे दोनच ठेवा. तीन ठेवली की मधले संपते, आणि मग मोठी पिशवी लहान मालाला जाऊ लागते.

बंदाची लांबी वापराप्रमाणे ठरते. हातात धरायला बंदाच्या वरच्या टोकापासून पिशवीच्या तोंडापर्यंत १० ते १२ सेंटीमीटर पुरतात. खांद्याला अडकवायला २८ ते ३० लागतात. खांद्याच्या बंदाला प्रत्येकी साधारण ७० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद पट्टी घ्यावी लागते, ती चौपदरी दुमडून अडीच सेंटीमीटरची होते.

आता पिशवीचे वजन कागदावरच काढता येते. ३८ × ४२ सेंटीमीटर, १४० जीएसएम: दोन बाजूंचे ०.३१९ चौरस मीटर म्हणजे ४४.७ ग्रॅम, तोंडाची ४ सेंटीमीटरची दुमड ४.३, दोन बंद १९.६, बाजूच्या शिवणीचे मार्जिन २.४, एकूण सुमारे ७१ ग्रॅम. आलेल्या मालातली पिशवी ६० ग्रॅम भरली तर कुठेतरी कापड खाल्ले गेले आहे. बंदांनी पाव भागाहून जास्त वजन घेतले, हेही दिसते. तरी आखूड बंद करून ते वाचवू नका, कारण खांद्याला अडकणारी पिशवी माणूस पुन्हा बाहेर नेतो.

शिवण

पिशवी बंदाच्या सांध्याशी फाटते, बाकी सगळे नंतर. बंद तोंडाच्या दुमडीत किमान ४ ते ५ सेंटीमीटर आत जावा आणि त्यावर चौकोन व आत फुली अशी शिवण असावी. नुसती एक आडवी शिवण असेल तर सगळा ताण एका रेषेवर येतो आणि कापड तिथेच तिकिटासारखे फाटते. टाके सेंटीमीटरला तीन ते चार. त्याहून विरळ असले तर शिवण उसवते. फार दाट असले तर सुईच्या भोकांनीच कापड कमजोर होते.

बाजूच्या शिवणीला आधी सरळ टाका, मग ओव्हरलॉक (कापडाची कड गुंडाळणारी शिवण), आणि मार्जिन किमान १ सेंटीमीटर. नुसता ओव्हरलॉक वजनाने हळूहळू सरकतो. पॉलिएस्टरचा धागा टिकतो, सुती धागा खतात जातो. वारंवार धुतल्या जाणाऱ्या पिशवीला आम्ही पॉलिएस्टर सुचवू. दोन ग्रॅम धाग्याच्या शुद्धतेपायी ७० ग्रॅमची पिशवी अर्ध्या आयुष्यात फुकट घालवण्यात अर्थ नाही.

छपाई

एक रंग, एक बाजू, लहान चिन्ह. कापडावर पाण्यावर आधारित शाईची स्क्रीन छपाई सांगा. प्लॅस्टिसोल शाई चमकते, पण ती पीव्हीसीवर आधारलेली असते आणि कापडावर प्लास्टिकचा थर बसवते. पाण्याच्या शाईला बहुधा १५० ते १६० अंशांवर एक-दोन मिनिटे तापवून पक्के करावे लागते. छापणाऱ्याने ही पायरी टाळली की पहिल्या धुण्यातच रंग उतरतो.

तारीख, वर्धापनदिन, सवलतीची जाहिरात आणि शक्यतो फोन नंबरही पिशवीवर नको. यातले काही बदलले की उरलेला गठ्ठा रद्दी होतो. पिशवीभर नाव असलेली जाहिरातवजा पिशवी लोक दुसऱ्या दुकानात न्यायला संकोचतात. कोपऱ्यात छोटे नाव असलेली सगळीकडे फिरते. छापायचेच असेल तर आतल्या बाजूला 'सुती, १४० जीएसएम, कोमट पाण्यात धुवा' हे छापा. '१०० टक्के पर्यावरणपूरक' असे लिहू नका. ते सिद्ध करता येत नाही, आणि कित्येक देशांत असा मोघम दावा ग्राहक कायद्यात अडकू शकतो.

शे-दोनशे कागदी पिशव्यांसाठी स्क्रीन बनवण्याचा खर्च परवडत नाही. मोठा रबरी शिक्का आणि पाण्याची शाई पुरते.

नमुन्याच्या चाचण्या

छायाचित्र पाहून किंवा 'असाच माल येईल' या शब्दावर मागणी देऊ नका. अंतिम कापड, अंतिम शिवण आणि अंतिम छपाई असलेले पाच नमुने मागा आणि त्यांचे हाल करा.

१. तुमच्या ठरलेल्या वजनाच्या दुप्पट भार घालून रात्रभर, म्हणजे १२ तास टांगून ठेवा. ४ किलोची पिशवी असेल तर ८ किलो. चालताना पिशवी झोके घेते, जिन्यावर हिसके बसतात, म्हणून दुप्पट.

२. ठरलेले वजन भरून जमिनीवरून झटक्यात १०० वेळा उचला. दर २५ नंतर बंदाचा सांधा आणि बुडाचे कोपरे तपासा.

३. कागदी पिशवीच्या तळाशी चार चमचे, म्हणजे साधारण २० मिलिलिटर पाणी सोडा, दहा मिनिटांनी भरून उचला. गार बाटलीला सुटणारा घाम एवढा सहज असतो.

४. ओल्या पांढऱ्या कापडाने छपाईवर आणि रंगीत कापडावर २० वेळा घासा. डाग उमटला तर तो उद्या गिऱ्हाइकाच्या कपड्यावर उमटेल.

५. सुती पिशवी पाच वेळा धुवा, पहिल्या धुण्याआधी आणि शेवटच्या धुण्यानंतर मोजा. कोरे कापड ५ ते १० टक्के आटते. ४२ सेंटीमीटरची उंची ३८ वर येऊ शकते. आटून वस्तू मावत नसेल तर आधीच धुतलेले कापड मागा किंवा माप वाढवा.

६. तुकडा झाकणाच्या बरणीत घालून एक दिवस उबेत ठेवा आणि मग हुंगा. खनिज तेल, कच्ची शाई, बुरशी, सगळे इथे बोलते.

कापड सांध्याशी फाटले तर आतून कापडाचा जोड लावायला सांगा. धागा तुटला तर धागा जाड किंवा टाके जवळ. कापड शाबूत पण शिवणीतून सरकले तर मार्जिन कमी पडले आहे. नेमका दोष सांगितला की शिवणारा तो दुरुस्त करू शकतो. 'क्वालिटी चांगली द्या' या वाक्याने काहीच बदलत नाही.

मागणीपत्र, प्रमाणपत्र आणि माल आल्यावर

मागणी तोंडी नको. एका कागदावर लिहा: माप (± १ सेंटीमीटर), जीएसएम (± ५ टक्के, धुतल्यानंतरचे), बंदाची लांबी-रुंदी, सांध्याची शिवण, सेंटीमीटरमागे टाके, धाग्याचा प्रकार, छपाईची जागा आणि रंग, तयार पिशवीचे वजन. शेवटी एक ओळ आठवणीने घाला: 'प्रत्येक पिशवी वेगळ्या प्लास्टिकमध्ये घालू नये, ५० चा गठ्ठा, कागदी पट्टीने बांधलेला.' ही ओळ नसेल तर हजार कापडी पिशव्यांसोबत हजार प्लास्टिकच्या पिशव्या येण्याची दाट शक्यता.

प्रमाणपत्राचे चित्र दाखवले म्हणजे प्रमाणपत्र आहे असे नाही. एफएससी (जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांचे प्रमाणपत्र) कागद असेल तर क्रमांक त्यांच्या सार्वजनिक यादीत शोधा आणि तो दावा बिलावर लिहून मागा. सेंद्रिय कापसासाठी जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकात दोन पातळ्या आहेत: 'ऑरगॅनिक' म्हणायला किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतात, 'मेड विथ ऑरगॅनिक'ला ७० टक्के. कोणती पातळी ते विचारा. जाडी, छपाई आणि साहित्य यांबाबत तुमच्या ठिकाणचे नियम काय आहेत ते मागणी देण्याआधी पाहून घ्या. ते देशागणिक आणि कधी शहरागणिक बदलतात.

पहिली मागणी दोन ते तीन महिन्यांच्या वापराएवढीच. मोठ्या संख्येला दर उतरतो खरा, पण माप चुकले तर सगळेच चुकते.

माल आल्यावर वरचाच गठ्ठा उघडून समाधान मानू नका. आयएसओ २८५९-१ या तपासणी मानकाच्या नेहमीच्या पातळीला ५०१ ते १,२०० नगांच्या मालातून ८० नग तपासतात. २.५ ची स्वीकार्य पातळी (शंभर नगांमागे चालणाऱ्या दोषांची मर्यादा) धरली तर ५ पर्यंत दोषी नग चालतात, ६ वा सापडला की माल परत. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून ८० पिशव्या काढा आणि माप, वजन, सांधा, छपाई बघा. तासाभराचे काम आहे.

साठवण जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीला न टेकवता, उन्हापासून दूर. कागद ओल धरतो आणि गोंद सुटतो. जुना गठ्ठा आधी वापरात काढा.

गल्ल्यावर

कापडी पिशवी विकत द्या, फुकट नको, आणि आणून दाखवणाऱ्याला दर वेळी थोडी सूट द्या. पिशवी आणणाऱ्यांची नोंद त्याच वहीत चालू ठेवा. तीन महिन्यांनी विकलेल्या दर १०० पिशव्यांमागे आठवड्याला किती परत दिसतात ते मोजा. ४० दिसत असतील तर एक पिशवी सरासरी अडीच आठवड्यांनी एकदा तुमच्याकडे येते, बाकी ती इतरत्र फिरत असेल. पाच-सात दिसत असतील तर गिऱ्हाइकांकडे पिशव्या पुरेशा झाल्या आहेत. पुढची मागणी कापडी नको, कागदी द्या.

परत केलेल्या पिशव्या दुसऱ्याला वापरायला देणार असाल तर धुऊनच द्या. कच्चे, गळणारे पदार्थ ज्यातून जातात त्या पिशव्या वेगळ्या रंगाच्या बंदाच्या ठेवा, म्हणजे गल्लत होत नाही. सुटलेला बंद असलेली पिशवी आली तर ती टाकू नका. चौकोन-फुलीची एक शिवण घालायला शिवणयंत्रावर दोन मिनिटे लागतात. कापडच विरले असेल तर छपाईचा भाग आणि पॉलिएस्टरची शिवण कापून काढा, उरलेल्या सुती कापडाची फडकी होतात, आणि तीही संपली की बारीक कापून ओल्या कचऱ्याच्या खतात जातात.